सिडनी अंकलची हाऊसी

कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं येतं! निदान माहीमच्या मॅग्डलीन आंटीला मी तसं ठोकून दिलं होतं. तिच्या कॅरिसाशी मला लग्न करायचं होतं ना!

"मग माझ्या बर्थडेला सिडनीची हाऊसी चालवून दाखव," आंटी म्हणाली. "लग्नाचं नंतर बघू."

सिडनी अंकल म्हणजे कॅरिसाचे डॅडी, आता देवाघरी. त्यांनी फार पूर्वी हाऊसीचा, म्हणजे तंबोल्याचा, प्रोग्राम बनवला होता. नंबर पुकारायला खुद्द त्यांचाच आवाज! कॉम्प्युटर मोडला, प्रोग्राम तेवढा उरला.

माझा कोरा लॅपटॉप म्हणाला, 'हा प्रोग्राम इथे चालणार नाही.' चालेल कसा? कंपाईल केलेला प्रोग्राम म्हणजे मापावर शिवलेला सूट. हा त्या काळच्या मशीनच्या मापाचा! नव्याने शिवावा, तर मूळ कोडचा पत्ता नाही. शेवटी मी जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये घातलं. प्रोग्राम उघडला! पुढे चालवून न बघताच मी कॉलर ताठ केली.

बर्थडेला अख्खं गावठण अंगणात! कोळीवाड्यातली शेवंता मावशी बक्षिसाची सुरमई घेऊन आलेली. मी बटण दाबलं.

"चिर्रर्रर्र!"

सगळे नंबर खलास! अंकलचा प्रोग्राम घड्याळ बघतच नव्हता. मनात आकडे मोजत थांबायचा, बोलायचाही त्याच तालावर. जुन्या मशीनला मोजताना घाम फुटायचा, माझ्या लॅपटॉपनं चुटकीसरशी मोजून टाकलं!

सगळ्यांचीच तिकिटं एकदम भरली. "हाऊस!" सगळेच ओरडले. सुरमईची शेपटी एकाच्या हातात, डोकं दुसऱ्याच्या!

"अगो बाय, यो सिडनी हाय का उंदीर?" शेवंता मावशी किंचाळली.

आंटीचा चेहरा उतरला. "माझा सिडनी असा नव्हता रे बोलत."

गेलं लग्न! घाईघाईत त्या सोंगाड्या सॉफ्टवेअरचा स्पीड पार तळाला नेला नि पुन्हा बटण दाबलं.

"सा......... त........."

अरे देवा! मी परत हात घालणार, तोच आंटीनं हातावर फटका मारला. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू!

"हाच माझा सिडनी! 'मीठ दे' म्हणेपर्यंत जेवण संपायचं त्याचं!"

"मग आंटी... लग्न?"

"दिली मुलगी! हा डाव संपला की लगेच तारीख ठरवू."

मी आनंदानं उडीच मारली!

ही गोष्ट ईस्टरची. आता सप्टेंबर, माउंट मेरीची जत्रा आली. आंटी लॅपटॉपला कुणाला हात लावू देत नाही. अंकल दुसऱ्या नंबरवर आहेत, 'बा...'पर्यंत पोचलेत. बावीस की बावन्न, देव जाणे!