अस्सल पोलकॅटचा तिसरा नंबर

ऐन प्रदर्शनाच्या सकाळी नेरिसबाईंचा टूम, मुंगसासारखा दिसणारा पाळीव फेरेट, पिंजऱ्यातून पसार झाला. पोटात कावळे ओरडले की तो दुपारी परत येणार, हे बाईंना ठाऊक होतं. पण स्पर्धा अकराला होती. रानातल्या पोलकॅटशी, म्हणजे फेरेटच्या जंगली भाऊबंदाशी, सर्वांत मिळताजुळता पाळीव फेरेट कोणाचा, याचा गावचा चषक चार वर्षं बाईंच्याच कपाटावर होता. यंदा तो मीच नेणार, असं शेजारच्या इदवालने चॅपेलच्या दारात सगळ्यांदेखत सांगितलं होतं. बाईंची इभ्रत पणाला लागली होती.

तेवढ्यात कोंबड्यांच्या खुराड्यामागे लावलेल्या सापळ्यात काहीतरी खडबडलं. बाई वाकल्या. डोळ्यांवर काळी पट्टी, तोंडाभोवती पांढरं, काळ्या राठ केसांखालून डोकावणारी पिवळसर लव. टूमच जणू! पण टूम कधी चावत नसे, आणि याने चामडी हातमोज्याला भोक पाडलं. हा रानातला खराखुरा पोलकॅट होता.

"नक्कल पळाली, अस्सल सापडला," बाई म्हणाल्या. "चल बाबा, तूच चल."

प्रदर्शनाच्या तंबूत परीक्षक प्रॉसर यांनी पिंजऱ्याला बाहेरूनच टेप लावली.

"लांबी सोळा इंच, शेपटी साडेपाच. हं. पण काळी पट्टी थेट नाकापर्यंत? बूट-पॉलिश लावलंत की काय?"

"पॉलिश? अहो, जन्मलाच असा तो!"

"आणि पाय फार आखूड."

"पोलकॅटचे आखूडच असतात!"

"बाई, तीस वर्षं मी हेच करतोय."

"रानात पाहिलाय का कधी एखादा?"

"पुस्तकात पाहिलाय," प्रॉसर ताठ मानेने म्हणाले.

पहिला नंबर इदवालच्या गुबगुबीत फेरेटचा आला. बाईंचा तिसरा.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं, नेरिस," इदवाल चषक कुरवाळत म्हणाला. "रानाचं रूप रक्तातच असावं लागतं."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. खरं सांगितलं, तर स्पर्धेतून बाद व्हायचं. रानटी जनावर तंबूत आणायला बंदी होती. पण गप्प बसणं त्यांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं.

"हा रानातलाच आहे! आज सकाळी धरलाय."

सगळा तंबू हसला. "हरल्यावर रानातला झाला होय?" म्हणत प्रॉसरनी तिसऱ्या नंबरची फीत बांधायला पिंजऱ्यात हात घातला.

आधी किंकाळी ऐकू आली, मग वास सुटला. पोलकॅटने शेपटीखालचं दुर्गंधाचं सगळं भांडार एकदम मोकळं केलं. माणसं, फेरेट, केक विकणाऱ्या बायका, सगळे बाहेर धावले. इदवाल चषक टाकून सर्वांत पुढे होता. बाई मात्र पिंजऱ्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हलल्या नाहीत.

"बाई, तुम्ही बाद!" बोटाला रुमाल गुंडाळत प्रॉसर बाहेरून ओरडले.

"का म्हणून?"

"अस्सल रानटी पोलकॅट आणलात म्हणून!"

"जरा मोठ्याने म्हणा, साहेब," बाई आतून म्हणाल्या. "इदवाल लांब पळालाय."