तोडकरांचं सपाट टेबल

तोडकरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हर्नियर असतं.

चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला उभा जन्म गेला, तेव्हा नोकरीत असताना खिशात व्हर्नियर असणं मी समजू शकतो. पण रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ते तिथंच आहे, आणि तोडकर त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. दिवाळीत फराळाला आले तेव्हा त्यांनी आमच्या घरी चकलीची जाडी मोजली. माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या देखत.

"वहिनी, चव उत्तम. पण एका बाजूला पावणेसात मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला सव्वासहा. सोऱ्याची चकती झिजलीय."

मंजिरी तीन दिवस बोलली नाही. माझ्याशी. तोडकरांशी बोलत होती, कारण चकती बदलल्यावर चकल्या खरोखरच सुधारल्या होत्या.

चिखलीतल्या आमच्या सोसायटीत बी विंगला तळमजल्यावर ते राहतात, आणि समोरच्या दारात आम्ही. त्यामुळे त्यांचं "मोजलं का?" हे दिवसातून चार वेळा तरी माझ्या वाट्याला येतं. आज ट्रॅफिक फार होतं म्हणावं, तर "मोजलं का?" पोट जरा कमी झाल्यासारखं वाटतंय म्हणावं, तर "मोजलं का?" आणि हात खिशाकडे. यावर त्यांचं एक तत्त्वज्ञानही आहे. "डोळा ओळखीच्याला पास करतो हो. गेज करत नाही."

आणि हे नुसतं बोलणं नव्हे. नोकरीत असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या वर्कशॉपमधून आलेला माल परत पाठवला होता. फरक केसाएवढा. मेव्हण्यानं हात जोडले, साहेबांनी डोळे मिचकावले, तोडकरांनी मालाला ‘नापास’चं लाल कार्ड लावलं. त्या वर्षी एकही मेव्हणा भाऊबीजेला फिरकला नाही आणि विमलवहिनींनी चंद्राला ओवाळलं. वहिनी हे आजही सांगतात, हसत हसत, पण सांगतात.

विमलवहिनी म्हणजे तोडकरांचं कुटुंब. माहेर राजगुरुनगरजवळच्या खेड्यातलं. तीन भावांत वाढल्यामुळे कॅरम त्यांना चालण्याआधी येत असावा. आमच्या गणपतीतल्या कॅरम स्पर्धेत महिला गटात त्या पहिल्या यायच्या, आणि पुरुष गटात आम्ही कोणी पहिले आलो की म्हणायच्या, "चला भाऊजी, एक बोर्ड खेळू, म्हंजी खरं कळंल." मी एकदा भर मांडवात खेळलो होतो. मला स्ट्रायकरला हात लावायची संधी दोनदा मिळाली. त्यातली एक, बोर्डाखाली गेलेला तो शोधून द्यायची.

मग त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. संधिवात. कणीक मळणं अवघड झालं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. पण टिचकी मारता येईना, ते घेतलं. गेल्या गणपतीत त्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, बोटं न वाकवता, नुसत्या तळव्यांनी. दुसऱ्या दिवशी घरातला कॅरम वॉचमनच्या खोलीत पोचवला. "माझं खेळणं संपलं बघा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी समोरच्या घरातून सोंगट्यांचा खणखणाट येईनासा झाला. टीव्ही ऐकू यायचा, पण तो बघत कोणी नसायचं.

निगडीकडचं एक गेम पार्लर बंद पडलं आणि त्यातलं पूलचं टेबल तोडकरांनी उचललं, ते हे सगळं झाल्यावर. पूल म्हणजे कॅरमचाच श्रीमंत मावसभाऊ. पांढऱ्या चेंडूनं रंगीत चेंडू भोकात घालायचे, फक्त बोटाऐवजी काठीनं.

"बोटाचं काम नाही," तोडकर मला जिन्यात गाठून म्हणाले. "मी मोजलंय. खांदा स्थिर, सगळी हालचाल कोपरातून. तिचा कोपर झकास आहे. पण एवढ्यात बोलू नका. ही माझीच हौस म्हणून आणतोय."

त्यांच्या हॉलची लांबीरुंदी त्यांना माहीत होती. टेबलाची माहीत होती. एक गोष्ट मात्र आयुष्यात प्रथमच मोजायची राहिली: काठी. काठी मागं ओढायला जागा लागते, हे टेबल आत आल्यावर कळलं. परिणामी आज त्या हॉलमध्ये डावीकडच्या कोपऱ्यातून खेळायचं तर सेफ्टी डोअर उघडून जिन्यात उभं राहावं लागतं. येणारेजाणारे वाकून जातात. उलट बाजूनं खेळायचं तर माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आणि काठीचं टोक गॅसच्या शेगडीवर. "ही मर्यादा नोंदवून घेतो," असं तोडकर गंभीरपणे म्हणाले. सोफा आणि शोकेस आमच्याकडे आले. गेले आठ महिने आमच्या हॉलमध्ये दोन सोफे समोरासमोर आहेत आणि मी व मंजिरी स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखे बसतो.

टेबल तुकड्यांत आलं. पाय, चौकट आणि दगडाच्या तीन जाड फरश्या, ज्या जोडून वर हिरवं कापड ताणायचं. उचलणाऱ्यांपैकी एकजण घामाघूम होऊन म्हणाला, "काका, खेळायचं टेबल हाय का देऊळ बांधायलाय?"

"भावा, कोपरा सांभाळ," तोडकर म्हणाले. "कोपरा उडाला तर देऊळच बांधावं लागेल."

विमलवहिनी स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अहो, पाव्हणे आले तर बसवायचे कुठं?"

"ह्याच्यावर. चांगलं सपाट आहे."

"क्लबातल्या पोरांची थेरं म्हातारपणी सुचली. मी हात लावायची न्हाई हां, सांगून ठेवते."

तोडकरांनी मान हलवली, आणि मी पाहिलं की ते व्हर्नियर त्यांच्या हातात उगाचच उघडझाप करत होतं.

त्यानंतर सुरू झालं लेव्हलिंग. गवंड्याची पाणसळ त्यांना चालत नाही, तिला ते "अंदाज" म्हणतात. त्यांच्याकडे मशिन बसवायची लेव्हल आहे, लाकडी पेटीत, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, दसऱ्याला झेंडूचं फूल वाहिलेली. टेबलाखाली कागद सरकवला तरी तिच्यातला बुडबुडा हलतो. पायांना बोल्ट होते, ते ते कणाकणानं फिरवायचे. मी मदतनीस. माझं काम टॉर्च धरणं.

"तुम्ही इकडं आलात की बुडबुडा तिकडं जातो," तिसऱ्या दिवशी ते म्हणाले. "मोजलं का वजन एवढ्यात?"

तेव्हापासून मी टॉर्च खिडकीबाहेरून धरायला लागलो.

आठवडा गेला. बुडबुडा मध्यावर यायचा आणि एकदम थरथरायला लागायचा. तोडकर लेव्हलला कान लावून बसले आणि त्यांनी निदान केलं: दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंचं वॉशिंग मशिन. मग सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. "बी विंगमधील सर्व सभासदांस विनंती. रविवारी सकाळी दहा ते अकरा वॉशिंग मशिन, मिक्सर, व्यायाम व उड्या बंद ठेवाव्यात. कंपन येते. आपला, तोडकर."

कोणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. पण वहिनींचा कॅरम बंद झाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोडकरांनी "हौस माझीच" असं सांगितलं तरी कोणीही फसलं नव्हतं. रविवारी दहाला बी विंग अशी गप्प झाली, की लिफ्टसुद्धा थांबवून लोक जिन्यानं, चप्पल हातात घेऊन उतरत होते. मी खिडकीबाहेर श्वास रोखून होतो. तोडकरांनी शेवटचा बोल्ट तांदळाच्या दाण्याएवढा फिरवला. लेव्हल उभी ठेवली, आडवी ठेवली, चारही कोपऱ्यांत ठेवली. बुडबुडा मधल्या दोन रेघांत येऊन झोपला.

"ओके," तोडकर म्हणाले.

मी खिडकीतून ओरडलो, "ओके!" जिन्यातून कोणी ओरडलं, "ओके!" आणि वर जोशीबाईंनी मशिन सुरू केलं. साखरपुड्यालासुद्धा इतका आनंद आमच्या विंगमध्ये झाला नसेल. अर्ध्या तासात त्या हॉलमध्ये, म्हणजे हॉलचा जो काही काठ शिल्लक होता त्यावर, पंधरा-वीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

पहिला फटका मी मारणार होतो. शेजारधर्म केला होता, हक्क होता. तोडकरांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली.

"विमल, ये."

"मी? मी न्हाई बाई. पोरांना खेळू द्या."

"फर्स्ट पीस तुझा. त्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

त्यांनी खिशातून पांढऱ्या नायलॉनचा एक छोटा टेकू काढला, वर अर्धगोल खाच असलेला. कुठल्याशा ओळखीच्या लेथवर स्वतः उभं राहून करून घेतलेला. पूल खेळताना डाव्या हाताची बोटं वाकवून काठीला आधार द्यावा लागतो, तो आता त्या टेकूनं द्यायचा. वहिनींनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग पदर खोचला. राजगुरुनगरकडच्या बायका पदर खोचतात तेव्हा माझ्यासारख्यानं बाजूला व्हावं.

त्यांनी नेम धरला. समोर लाल चेंडू, त्याच्या मागं सरळ रेषेत भोक. कॅरममध्ये हा फटका त्यांनी डोळे मिटून मारला असता. काठी पुढं गेली, मनगट मध्येच अडखळलं. पांढरा चेंडू डावीकडे वळत गेला, लालला शिवला नाही, काठाला लागून परत आला.

सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. ते जास्त वाईट होतं.

वहिनींनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "बघितलं? सांगत हुते मी. हातच गेला माझा." आणि त्या हसल्या, गणपतीत टाळ्या वाजवताना हसायच्या तशा. हात पदराला पुसत स्वयंपाकघराकडे वळल्या.

"थांब," तोडकर म्हणाले. "हाताला काही झालेलं नाही. टेबल डावीकडं उतरलंय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. भिंतीला टेकलेली वीस माणसं सरळ उभी राहिली. आठ दिवसांचं लेव्हलिंग, अख्ख्या विंगचा शटडाऊन, आणि हा माणूस म्हणतोय टेबल उतरलंय?

"माझ्याकडूनच राहिलं. डावा पाय. तुम्ही टॉर्च धरा हो."

रॅचेटचा, फिरवला की करकरणारा पाना घेऊन ते टेबलाखाली शिरले. मागोमाग मी. माझं पोट आणि टेबलाची चौकट यांच्यात किती अंतर उरलं, ते त्यांनी त्या वेळी मोजलं नाही. मी डाव्या पायावर टॉर्च मारला. तोडकरांनी पाना धरला आणि फिरवला. कर्र कर्र कर्र. बाहेर सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं असणार.

पाना बोल्टवर नव्हता. बोल्टपासून चार बोटं अलीकडे, हवेत होता; त्याचं तोंड त्यांनी दुसऱ्या मुठीत धरलं होतं.

मी तोंड उघडलं. तोडकरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. कर्र कर्र. त्यांनी हवेत अजून दोन वेढे दिले. कपाळावर घाम होता. सख्ख्या मेव्हण्याला केसाएवढी सूट न देणाऱ्या माणसाला खोटा शेरा मारताना किती कष्ट पडतात, ते मी हातभर अंतरावरून पाहत होतो.

"झालं," ते बाहेर येऊन म्हणाले. "जरा जास्तच उतरलं होतं. आता घे."

वहिनी उंबऱ्यातच थबकल्या होत्या. तिथूनच त्यांनी काठी घेतली. पांढरा चेंडू त्यांच्या बाजूलाच येऊन थांबला होता. काठीचं टोक मागं शेगडीवर, कुकर मंजिरीनं झटकन बाजूला घेतला. या वेळी त्यांनी फार विचार केला नाही. खट्. पांढरा लालवर, लाल सरळ, सुतात, आणि भोकात जो काही आवाज झाला, तो मला सोंगटीच्या आवाजाइतकाच गोड वाटला.

आरडाओरडा इतका झाला की समोरच्या ए विंगच्या खिडक्या उघडल्या. जोशीबाई वरून धावत आल्या. वहिनींनी थांबून दादसुद्धा घेतली नाही. टेबलाला वळसा घातला, सेफ्टी डोअर उघडलं, जिन्यात उभं राहून पिवळा घातला, काठावरून डबल मारून निळा घातला. मग काठी खांद्यावर टाकली आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आता कसं सरळ चाललंय! आधीच नीट बसवायचं न्हाई का? आठ दिवस नुसतं मोजत बसलात, अन् अख्ख्या बिल्डिंगीला वेठीला धरलंत. एवढं साधं जमू न्हाई? तिथं कंपनीत काय करत हुता मग?"

वीस माणसं ऐकत होती. आयुष्यभर मोजमापाबद्दल कोणाचा एक शब्द ऐकून न घेतलेले तोडकर मान खाली घालून उभे होते. पाना फडक्यानं पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"चुकलं खरं," ते म्हणाले. इतका खूश माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.