रिव्हर्समधली आरती

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ‘रिव्हर्स’ हा शब्द उदारीकरणाबरोबर आला. त्याआधी आमच्याकडे फक्त स्कूटरी होत्या आणि त्या पायाने मागे ढकलल्या जात. त्या क्रियेला नाव द्यावे असे कोणाला वाटले नव्हते. मग रंगनाथरावांच्या शुभंकरने सॉफ्टवेअर कंपनीतल्या पगारावर वडिलांना मोटार घेऊन दिली. हौस म्हणून नव्हे. आई द्वारकाबाईंचे हृदय अधूनमधून कुरकुर करी आणि डॉक्टरांनी बजावले होते, कळ आली की उशीर नको.

आमचा बोळ एका टोकाला बंद. मोटार वळवायला जागा नसल्याने बाहेर पडायचे तर रिव्हर्सच घ्यावा लागे. त्या काळी रिव्हर्स टाकला की मोटारी गात असत. स्वारगेटच्या एका दुकानदाराने रंगनाथरावांना आरतीच्या चालीचा हॉर्न फुकट बसवून दिला होता.

पहिल्याच सकाळी आरती सुरू झाली आणि तळमजल्यावरच्या सुंदराबाई निवडायची मेथी बाजूला ठेवून हात जोडून उभ्या राहिल्या. त्या उभ्या म्हणून बाकीचेही राहिले. फाटकाबाहेर पडल्यावर रंगनाथरावांनी गिअर बदलला आणि आरती मध्येच तुटली.

“अहो रंगनाथराव, आरती अर्धवट सोडलीत?” सुंदराबाईंनी विचारले.

“आरती कसली? गाडी बाहेर काढतोय.”

“मग गाडी काढताना आरती कशाला लावलीत?”

ताबडतोब विशेष सभा झाली. सचिव श्यामरावांनी ठराव मांडला: ‘रिव्हर्स टाकल्यावर आरती पूर्ण होईपर्यंत गिअर काढू नये. सदर हॉर्न वाहनाच्या मागील बाजूस असल्याने सभासदांनी वाहनाच्या मागे, हॉर्नसमोर, शिस्तीत उभे राहावे.’

रंगनाथराव म्हणाले, “त्यापेक्षा मी हॉर्नच काढून टाकतो.”

“जरूर काढा,” श्यामराव शांतपणे म्हणाले. “फक्त इतिवृत्तात नोंद करावी लागेल. रंगनाथरावांनी आरती बंद पाडली, अशी.”

रंगनाथराव खाली बसले. ठराव एकमताने मंजूर झाला. जिन्यात विचारले तेव्हा प्रत्येक जण विरोधातच होता.

अडचण एवढीच होती की आरती संपताच हॉर्न श्वासही न घेता ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मधली बारीकशी फट साधून गिअर काढायचा आणि मोटार स्कूटरीसारखी मागे ढकलत फाटकाबाहेर न्यायची. फट चुकली की पुन्हा आरती. पुढे इतरांनीही मोटारी घेतल्या आणि त्यांनीही आरतीच बसवली, कारण न बसवणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. आयटीतल्या मुलांना कामावर उशीर होई. त्यांना सोसायटी दाखला देई: ‘सदर इसम आरतीत होता.’

एका रविवारी भर दुपारी द्वारकाबाईंना कळ आली. रंगनाथरावांनी त्यांना मोटारीत बसवले, रिव्हर्स टाकला आणि पाची मजले जेवणाचे हात धुऊन खाली आले.

“अहो, चला ना,” द्वारकाबाई कण्हत म्हणाल्या.

“मागे लोक उभे आहेत गं.”

“त्यांना बाजूला व्हायला सांगा.”

रंगनाथरावांनी काच खाली केली. श्यामरावांनी मिटल्या डोळ्यांनीच ‘थांबा’ अशी खूण केली. आरती संपली. रंगनाथरावांनी वळून द्वारकाबाईंकडे पाहिले आणि फट चुकली. आरती पुन्हा सुरू झाली आणि या वेळी कोणीतरी आतून झांजा आणल्या.

द्वारकाबाईंनी दार उघडले. छातीवर हात दाबून, भिंतीला धरत त्या सगळ्यांच्या मधून फाटकाकडे चालत गेल्या. त्यांना आधार कोणीच दिला नाही, कारण सर्वांचेच हात गुंतलेले होते. रस्त्यावर त्यांनी स्वतः रिक्षा थांबवली आणि त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या.

बाई वाचल्या. त्या घरी आल्याच्या संध्याकाळी पुन्हा सभा झाली. विषय एकच होता: चालू आरतीतून उठून गेल्याबद्दल द्वारकाबाईंचा निषेध. त्या पहिल्या रांगेत शाल लपेटून बसल्या होत्या आणि वळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या बघण्याची आम्हाला फार लाज वाटत होती.

“कोणाचा विरोध?” श्यामरावांनी विचारले.

रंगनाथराव चपलेचा अंगठा चाचपू लागले. सुंदराबाईंना खोकला आला. ठराव एकमताने मंजूर झाला.

आपण म्हणाल, मी तिथे असतो तर बोललो असतो. मग शेवटच्या रांगेत बसून, ‘लवकर आटपा हो’ म्हणत ठरावाच्या बाजूने हात वर केलात, ते कोण होतात?