चौथ्या मजल्यावरचा धुरळा

"खोकल्याचं काय घेऊन बसलीस आई! मी लाखो माणसांचे खोकले मोजलेत. एका माणसाचा खोकला मला चकवतो काय?"

ताईने हे सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं, आणि आईने नुसता सुस्कारा सोडला. कारण तो एक माणूस म्हणजे ताईचे बाबा. महिनाभर खोकत होते. डॉक्टरांनी छाती तपासली, ती स्वच्छ. घसा तपासला, तो लाल. औषधं झाली, काढे झाले, गुळण्या झाल्या. सुट्टीच्या दिवशी खोकला गायब, कामाच्या दिवशी पुन्हा हजर! एखाद्या इमानदार कारकुनासारखा!

"म्हणजे खोकला तुमच्या त्या इमारतीत आहे," आई म्हणाली. "दोघं तिथेच तर जाता. आण की शोधून!"

दोघं जात ती संशोधन संस्था चार मजली होती. पहिल्या मजल्यावर संघटनाशास्त्र, म्हणजे माणसं एकत्र काम कशी करतात आणि बहुधा का करत नाहीत, याचा अभ्यास. दुसऱ्यावर ताईचं खातं, रोगांची आकडेवारी. तिसऱ्यावर हवेची मोजमापं. आणि चौथ्यावर तत्त्वज्ञान, म्हणजे एकटे बाबा. सगळे त्यांना सर म्हणत. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्यांची खोली काढून घ्यायची हिंमत कुणाला झाली नव्हती. चार मजल्यांवर चार शास्त्रं, आणि एकमेकांशी बोलणं फक्त लिफ्ट अडकली तरच!

म्हणूनच त्या दिवशी पाहणी समिती येणार होती. हे चार विभाग एका छपराखाली ठेवायचे की मोडायचे, ते ठरवायला. मोडायचे झाले तर पहिलं कुलूप चौथ्या मजल्यावर पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाबांना त्या खोलीतून काढणं म्हणजे माशाला पाण्यातून काढणं. ताई ही धास्ती आकड्यांखाली झाकून होती.

ती आधी तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे हवावाला बसे. खरं नाव पगारपत्रकापुरतं, इमारतभर तो हवावालाच. त्याच्या खिडकीतून एक नळी हत्तीच्या सोंडेसारखी बाहेर लोंबत असे. बाहेरची हवा ओढायची आणि यंत्राने तिच्यातले धूलिकण मोजायचे.

"ताई, बरं झालं आलात!" तो कुजबुजला. "गेला महिनाभर माझ्या आलेखावर सुळके येतायत. मध्येच हवा घाण होते, मग आपोआप साफ! रस्ता लांब, कारखाना नाही, चूल नाही. मला तर वाटायला लागलंय, यंत्राला वेड लागलं!"

ताईने आलेख हातात घेतला. सपाट मैदानात मध्येच ताडासारखे उभे राहिलेले सुळके! तिने मोबाइल काढला. जिन्यातून ऐकू येणारा बाबांचा खोकला ती वेळेनिशी टिपून ठेवत असे. मुलीची काळजी आणि संख्याशास्त्रज्ञाची खोड, दोन्ही एकदम. वेळा आलेखावर ठेवल्या. सुळका, की खोकला! सुळका, की खोकला!

"अहो, हे जुळतंय!" तिचा आवाज फाटला. "कुठून तरी विष येतंय, आणि ते आधी माझ्या बापाच्या छातीत जातंय!"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? एक मजला चढून वर बघितलं असतं. पण एवढा देखणा आलेख हातात असताना जिना कोण चढतो? ताई तो घेऊन थेट खाली सभागृहात घुसली.

तिथे समिती बसली होती. अध्यक्ष म्हणजे एवढा भारदस्त माणूस, की त्यांच्या हाताखालची खुर्चीसुद्धा करकरायला धजत नव्हती. संघटनाबाई, म्हणजे पहिल्या मजल्याच्या प्रमुख, त्यांना सांगत होत्या, "आमच्या संस्थेत सगळे विभाग दुधात साखर विरघळावी तसे..."

"इमारतीत विषारी हवा आहे!" ताई म्हणाली.

साखर तिथेच गोठली.

तिच्यामागोमाग आलेल्या हवावाल्याने धापा टाकत पडद्यावर आलेख लावला. यंत्राची रेघ सगळ्यांसमोर सरकत होती, सपाट, शांत. अध्यक्षांनी भुवई उचलली. "बाई, मला तर काही..."

आणि रेघ उठली! फणा काढावा तशी सरळ वर!

"बघा! बघा!" ताई ओरडली.

संघटनाबाईंनी पळत जाऊन भिंतीवरची धोक्याची घंटा दाबली. संकटात माणसं कशी वागतात यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं होतं. संकट मात्र कधी लाभलं नव्हतं. घंटा घणघणली तसा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद फुलला, की जणू मुलीचं लग्न ठरलं! "धावू नका! धावलात तर नोंद होईल!" असं ओरडत त्या स्वतःच सगळ्यांच्या पुढे धावल्या.

पाहता पाहता सगळी संस्था हिरवळीवर आली. कुणी रुमाल नाकाला लावलेला, कुणी डबा छातीशी धरलेला. अध्यक्षांनी तर दारातलं पायपुसणंच तोंडावर धरलं होतं, घाईत हाताला तेच लागलं. ताईने माणसं न्याहाळली. सगळे होते. बाबा नव्हते!

"बाबा!" ती किंचाळली आणि उलट्या पावली आत धावली. लिफ्ट बंद. जिना चढताना तिच्या डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. लाखो खोकल्यांचा हिशेब कुठल्या कुठे गेला, कानात एकच खोकला घुमत होता. चौथ्या मजल्यावर तिने धाडकन दार ढकललं.

बाबा खिडकीशी उभे होते. ठणठणीत. दोन्ही हात बाहेर काढून दोन डस्टर एकमेकांवर धपाधप आपटत होते.

"बाबा!"

"आलीस? बरं झालं," ते वळून म्हणाले, आणि खोकले. "घंटा कसली गं वाजतेय? विचार तुटतो माणसाचा."

ताईने खिडकीतून वाकून खाली पाहिलं. बरोब्बर खाली, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, हवावाल्याची सोंड तोंड वर करून बसली होती. खडूची पांढरी भुकटी अलगद उतरत तिच्या घशात जात होती.

"बाबा, हे तुम्ही रोज करता?"

"खोलीत झटकलं तर कपड्यांवर बसतं म्हणून तुझीच आई ओरडली होती ना! महिनाभर बाहेर झटकतोय. आपल्याकडून कुणाला त्रास नको."

"आणि वारा उलटा आला, की सगळं तुमच्याच नाकात!"

"असं होय?" बाबा विचारात पडले. "हे ध्यानात नाही आलं."

ताईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. मग खिडकीतून ओरडली, "हवावाले! रेघ बघा! बाबा, झटका!"

बाबांनी डस्टर आपटले. आणि मंडळी, त्या क्षणी उन्हाची तिरीप नेमकी त्या धुरळ्यावर पडली. कण न् कण पेटला! हवेत सोन्याचा पडदा उलगडावा तसा तो ढग लखलखत, गिरक्या घेत खाली आला. हिरवळीवरची सगळी माणसं माना वर करून बघत राहिली. रुमाल नाकावरून सुटले, डबे खाली आले, घंटासुद्धा कुणीतरी बंद केली. त्या शांततेत मोबाइलवर यंत्राची रेघ बघत हवावाला ओरडला, "चढलं! सुळका चढला!" आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! ताईने आयुष्यभर आकडेच वाचले होते, पण आकड्यामागची हवा अशी डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

आता लाज तेवढी उरली होती. हवावाल्याला आणि संघटनाबाईंना घेऊन समिती जिना चढून वर आली, ताई दाराशी मान खाली घालून उभी. अध्यक्ष फळ्यासमोर थबकले. फळा इतक्या वेळा पुसलेला, की ढगाळ आभाळासारखा दिसत होता. मधोमध एकच अर्धं वाक्य होतं.

"आपण हे सारखं का पुसता, सर?" त्यांनी हळूच विचारलं.

"चुकीचं असतं म्हणून," बाबा म्हणाले. "लिहितो, बघतो, चूक दिसते. मग पुसतो."

अध्यक्षांनी हवावाल्याच्या हातातला महिनाभराचा आलेख घेतला. एकेका सुळक्यावरून बोट फिरवलं. बोलले तेव्हा आवाज बदलला होता. "म्हणजे इथला एकेक सुळका म्हणजे या माणसाने स्वतःची चूक कबूल केल्याचा क्षण आहे! हवेने नोंदलेला! आकडेशास्त्राने ओळखलेला! आणि अख्ख्या संघटनेला हिरवळीवर आणणारा! बाई, चार शास्त्रं एका धाग्यात ओवलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहतोय!"

ताईने तोंड उघडलं, पण संघटनाबाईंनी तिला कोपराने ढोसलं, म्हणून परत मिटलं. तिने आलेखाकडे पाहिलं. खरंच, केवढे सुळके! घरी आमटीत मीठ जास्त झालं तरी न बोलणारा हा माणूस इथे चार भिंतींत एकटा स्वतःशी इतका भांडत होता! तिला बापाच्या वाकलेल्या पाठीकडे बघताना भरून आलं.

"आणि हा!" अध्यक्षांचं बोट सगळ्यांत उंच सुळक्यावर थांबलं. "काल दुपारचा! केवढा मोठा विचार मोडून पडला असेल इथे! कुठला होता तो, सर?"

बाबांनी डोळे मिटले. मग हलकेच मान हलवली. अध्यक्षांनी नकळत हात जोडले. चारही विभाग एका छपराखाली राहतील, एवढं बोलून ते पाय न वाजवता जिना उतरले.

संध्याकाळी बापलेक घराकडे चालत निघाले. बाबांच्या खिशात ओलं फडकं होतं. उद्यापासून त्यानेच पुसायचं, असं ताईने वदवून घेतलं होतं. ती अजून भारलेलीच होती.

"बाबा, मला तरी सांगा. काल दुपारी काय पुसलंत हो एवढं?"

"काल दुपारी?" बाबा म्हणाले. "काल दुपारी मी खुर्चीत झोपलो होतो. सफाईवाल्या मावशी माझ्या खिडकीतून सतरंजी झटकत होत्या."

ताई रस्त्याच्या मधोमध थांबली. "अहो, मग तिथे सांगितलं का नाहीत?"

"त्यांनी विचार कुठला होता ते विचारलं गं. सतरंजी कुणाची होती, ते कुठे विचारलं?"