मुर्झालस्कींचं स्थळ

लेकीने पसंत केलेल्या मुलाच्या नमाजाबद्दल खैरुन्निसाची तक्रार नव्हती. पगाराबद्दल तर मुळीच नव्हती. कुवेतला लुबनाच्याच हॉस्पिटलात तो फिजिओथेरपिस्ट होता, आणि लुबनाने निक्षून सांगितलं होतं, लग्न करीन तर याच्याशीच. घोडं अडलं होतं आडनावावर.

"अदाम मुर्झालस्की! हे काय आडनाव हाय?" खैरुन्निसा लेकीवर उखडली. "पोलंडात मुसलमान कधीपासून झाले?"

"अम्मी, दे आर तातार्स. सहाशे वर्षं झाली त्यांना पोलंडात येऊन."

"मग खानदान काय? गाव काय? आपल्याला पांगारकरांची अब्रू हाय!"

पांगारकरांची अब्रू हा तिचा खास विषय. सासरचे पूर्वज पांगारीचे इनामदार होते, हे तिने कुवेतभर सांगून ठेवलं होतं, आणि आडनाव खालचं म्हणून रत्नागिरी-रायगडची चांगली चांगली स्थळं परत पाठवली होती. अशा वेळी नवरा उस्मान राई भागातल्या आपल्या गॅरेजात काहीतरी काम काढून सटकायचा.

अदाम बिचारा सरळ. होणाऱ्या सासूने खानदान विचारलं म्हणजे ते खरंच सांगायचं असतं, असा त्याचा समज. शुक्रवारी हवल्लीतल्या त्यांच्या घरी जेवायला आल्यावर त्याने आईला व्हिडिओ कॉलच लावला. बाई पोलिशमध्ये बोलायच्या, अदाम त्याचं इंग्रजी करायचा आणि लुबना कोकणी. पूर्वज राजाच्या घोडदळात होते. राजाने खूश होऊन मुर्झाल गाव दिलं, त्यावरून आडनाव पडलं. गावची मशीद अजून उभी आहे, कबरीही जागच्या जागी आहेत.

"म्हंजे मुर्झालकरच की रे!" उस्मान खुलला. बायकोची नजर पाहून त्याने मुकाट्याने पुढचा घास घेतला.

"आता तुमच्या गावाचं सांगा ना," बाई म्हणाल्या.

खैरुन्निसाने ओढणी सावरली. "पांगारी. आम्ही तिथले इनामदार."

"वा! जुनं घर आहे अजून? कबरी?"

पांगारीला खैरुन्निसा कधी गेलेलीच नव्हती. तिने उस्मानकडे पाहिलं. तो नुकताच जुम्मा पढून आला होता, त्यामुळे खोटं बोलायला दिवस वाईट होता.

"पांगारी मीबी बघितली नाय," तो म्हणाला. "बोटीचा सारंग आपल्या गाववाल्यांनाच खलाशी घ्यायचा. सारंग होता पांगारकर, म्हणून माझा आजाबी पांगारकर झाला."

"आणि आधी कोण होता?" खैरुन्निसाचा आवाज चिरकला.

"त्यानं सांगितलं नाय. आम्ही इचारलं नाय."

लुबनाने शब्दन् शब्दाचं भाषांतर केलं. कुठे गप्प बसावं हे पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. बाईंचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मग त्या अदामशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. अदाम लालबुंद झाला.

"काय बोलली गो?"

"अम्मी... म्हणतायत, घरात विचार करून कळवतो."

हे वाक्य खैरुन्निसाला पोलिशमधूनसुद्धा कळलं असतं. जन्मभर तिने ते लोकांना ऐकवलं होतं, तिला कुणी ऐकवायची ही पहिलीच वेळ. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त धडकी भरली. तिने सांदणांची बशी अदामपुढे सरकवली आणि फोन ओढून घेतला.

"सांग त्यांना," ती लुबनाला म्हणाली, "आडनावाचं काय घेऊन बसलात? पोरगी आजपासून मुर्झालस्की. लागलं तर तुझे अब्बाबी तेच लावतील. त्यांच्या घरात सवय हाय."