कोन गेला?

आमचा जनूदादा सकाळी उठला की चहा मागत नाही, पेपर मागत नाही. ओट्यावर येतो, कमरेवर हात ठेवतो आणि फाटकाशी जमलेल्या कार्यकर्त्यांना विचारतो, "कोन गेला?"

आता आमच्या गावाचं नावच कोन. कल्याणहून भिवंडीला जाताना रस्त्यात लागतं ते. दादाच्या जिभेला 'ण' कधी वळलाच नाही, त्यामुळे नव्या माणसाला वाटावं, गावच गेलं की काय! मी समोरच राहते. खिडकीतून ओरडते, "कोन गेलंच रे बाबा, तू निवडून आलास त्याच दिवशी!" तो हात जोडतो आणि म्हणतो, "बाईंचा आसिर्वाद हाय." अपमान या माणसाला लागतच नाही. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

त्याची बायको सुमन होती तोवर आतून उलट आवाज यायचा, "आधी चा घ्या! मेलेला काय पलून न्हाय जात." मग तो मुकाट्यानं आत जायचा. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आता त्याला कोणी काही म्हणत नाही, मी सोडून.

मी त्याला शाळेत मराठी शिकवलं. हे मी कोणाला सांगत नाही, तोच सांगत सुटतो. भर सभेत माइकवरून म्हणतो, "माझ्या मराठीच्या बाई हितं बसल्यात," आणि पुढच्याच वाक्यात तीन चुका करतो. मी पदर तोंडावर घेऊन बसते. लोकांना वाटतं, बाईंना गहिवरून आलं.

तर हा माणूस ग्रामपंचायतीतून निघाला तो पंचायत समितीत गेला, तिथून आमदारकीला. कशाच्या जोरावर? मयतांच्या! त्याचा हिशेब साधा. "बाई, लग्नात लोक जेवन बघतात. मयताला मानसं बघतात, कोन आला, कोन न्हाय." म्हणून हा पंचक्रोशीतल्या एकूण एक मयताला हजर. जिता असताना ज्याचा रेशनकार्डाचा अर्ज यानं वर्षभर दाबून ठेवला, तो गेल्यावर पहिला खांदा याचाच. तोही पुढचा, उजवीकडचा, कॅमेरा असेल त्या अंगाला. फोटो निघाला की खांदा बदलला आणि गाडी पुढच्या घरी.

गाडीच्या पुढच्या खणात सगळी तयारी असते. जाळीची टोपी, निळा गमछा, अष्टगंधाची डबी. गाडी भिवंडीतल्या निजामपुऱ्याकडे, मुसलमान वस्तीकडे वळली की टोपी डोक्यावर, आमच्या बौद्धवाड्याकडे वळली की गमछा गळ्यात. एकदा घाईघाईत टोपी घालूनच विहारात आला. सगळे बघायला लागले. हा बहाद्दर गडबडला नाही, टोपी खिशात घालत म्हणाला, "जयभीम. सर्वधर्म संभव." मी तिथल्या तिथे म्हटलं, "समभाव रे मेल्या, समभाव!" तर म्हणतो, "त्येच ते."

आणि तोंडात एकच पालुपद, "आपलाच मानूस." गेलेला आपलाच मानूस. चौकातला हवालदार आपलाच मानूस. समोर उभा राहिलेला उमेदवार, तोही आपलाच मानूस. तीन पक्ष बदलले, दर वेळी मी विचारलं, "लाज नाही वाटत?" दर वेळी तेच उत्तर, "तिथं पन आपलीच मानसं हायेत, बाई."

एकदा मात्र आपलाच मानूस अंगाशी आला असता. निजामपुऱ्यात सलीमशेठ नावाचे दोघं लूमवाले, यंत्रमागांचे मालक, एकाच गल्लीतले. त्यातले एक वारले. दादा टोपी घालून, तोंड पाडून, नेमका दुसऱ्यांच्या घरात शिरला. समोर कोण, तर खुद्द सलीमशेठ, लुंगीवर, पाव-खिमा खात बसलेले. दुसरा असता तर दारातूनच पळाला असता. यानं जाऊन त्यांना मिठीच मारली. "सेठ! किसीने बोला आप गये! मेरा तो दिल बैठ गया! अल्ला का शुकर!" आणि टोपी काढून डोळे पुसले. म्हातारा असला विरघळला की त्या निवडणुकीत अख्ख्या गल्लीची मतं यालाच. ज्यांचं खरोखर मयत होतं त्यांच्याकडे हा जाऊन पोचला तेव्हा दफन उरकलं होतं.

काम म्हणाल तर आनंदीआनंद. ग्रामपंचायतीत होता तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, 'भावी सभापती'. सभापती झाला तेव्हा 'भावी आमदार'. आमदारकीचा गुलाल अंगावर होता, तेवढ्यात 'भावी मंत्री' टांगलासुद्धा. जे पद हातात असेल त्याचं नाव याच्या फ्लेक्सवर कधी आलं नाही, मग त्याचं काम तरी कुठून आठवणार? जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांकडे जाणारे ट्रेलर आमच्या दारातले खड्डे चुकवता चुकवता घरात शिरायचे बाकी आहेत. रस्ता झाला तो एकच, स्मशानाचा. कसा गुळगुळीत! मी जाब विचारला तर म्हणतो, "निदान सेवटचा प्रवास तरी सुखाचा व्हावा."

असल्या माणसाला मंत्री करायचं ठरलं. बोला!

दुपारची वेळ होती. मी नुकतीच आडवी झाले होते. दादा एकटाच आला, चपला बाहेर काढून. हातात प्लास्टिकच्या फायलीत एक कागद.

"बाई, वरून फोन आला. राज्यमंत्री."

"कुठल्या खात्याचा?"

"खातं मागाहून. आधी सपथ." कागद माझ्यापुढे धरला. "ह्ये वाचायला सिकवा. उभा म्हाराष्ट्र बघनार. चुकलो तर टीव्हीवाले जन्मभर दाखवतील. आमच्या घरान्यात पयला मंत्री, बाई. इज्जतीचा सवाल हाय."

घाम फुटला होता त्याला. इतकी वर्षं ज्यानं बिनदिक्कत खोटं बोलून मतं घेतली, तो एका कागदाला घाबरला होता. मला, खरं सांगते, गुदगुल्या झाल्या. मी लाल पेन घेऊन बसले.

"ईश्वरसाक्ष" म्हणेपर्यंत पहिली दुपार गेली. "शुद्ध बुद्धीने"चं "सुद्द बुद्दीनं" व्हायचं. मी म्हटलं, जाऊ दे, ती तशीही नाहीच. "निःस्पृहपणे"वर तर गाडं रुतलंच. आधी "निस्प्रूपने", मग "निस्पापपने". मी पेन आपटलं. "निष्पाप म्हणू नकोस हो! विरोधक कोर्टात जातील." तो हसला नाही. शाळेतल्यासारखा बोट ओळीवर ठेवून परत म्हणायला लागला. मी रोज मार्क द्यायचे. वीसच्या वर काही सरकेना.

पण पोरगा चिवट. तिसऱ्या दुपारी बघते तर सगळं पाठ, न बघता. "...सर्व तऱ्हेच्या लोकांना मी निर्भयपणे तसेच निःस्पृहपणे आणि कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता न्याय्य वागणूक देईन." एक अक्षर चुकलं नाही. 'ण' चा 'ण' अन् 'ळ' चा 'ळ'. मी चाट पडले.

मग त्यानं विचारलं, "बाई, ममत्वभाव म्हंजे?"

"माया. हा आपला म्हणून त्याला झुकतं माप द्यायचं नाही."

"आनि आकस?"

"हा आपला नाही म्हणून त्याच्याशी वाकडं वागायचं नाही."

"म्हंजे आपलाच मानूस..."

"बंद," मी म्हटलं. "शपथ घेतलीस की आपलं-परकं संपलं. कळलं का, साहेब?"

मला वाटलं, आता काहीतरी चावट बोलेल. तर तो कागदाचा कोपरा दुमडत बसला. दुमडायचा, परत सरळ करायचा.

"बाई, सुमनला खांदा द्यायला न्हाय मिलाला मला."

मला कळेचना, हे कुठून आलं. सुमनच्या मयताला मी होते. केवढी ती गर्दी! मुंबईहून बडे नेते, भिवंडीचे नगरसेवक, लूमवाले, गोदामवाले. कल्याण रस्ता बंद पडला होता. आणि दादा हात जोडून मागून चालत होता. गावात किती दिवस तेच बोलणं, बघितलंत ना, दुनियेला खांदा देतो आणि स्वतःच्या बायकोला नाही. मीही त्यात होते.

"दोनदा पुढं गेलो," तो म्हणाला. "दोनदा मला धरून मागं आनला. 'दादा, तुमी सांभाला सोताला, आमी हाय ना.' पुढं कॅमेरे होते, बाई. जागा कोन सोडतो? ती जागा कसी धरायची, कोपर कसा घालायचा, समदं मीच तर सिकवलाय त्यांना. नेली तिला त्यांनी. ओलखत पन नव्हते तिला. आनि मी आपला मागून नमस्कार करत चाललो."

रडला नाही. रडला असता तर मला बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता आले असते.

"आधी चहा घे," मी म्हटलं आणि उठले.

त्यानं एकदम वर बघितलं. मग मान खाली घालून बसला. चहा पिऊन जाताना कागदावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्ये मला बोलता येतंय, बाई. पन बोलवत न्हाय."

शपथविधी मी टीव्हीवर बघितला. नवं जाकीट, केस चापून बसवलेले. ईश्वरसाक्ष सुरेख गेलं. निःस्पृहपणे तर असं म्हटलं की मी टाळीच वाजवली. आणि मग, "कोणाच्याही विषयी..." इथे थांबला. "...आकस न बाळगता."

ममत्वभाव गाळला! राज्यपालांनी हात वर करून थांबवलं, ओळ परत वाचायला लावली. सभागृह हसलं. दादा कागदाकडे बघत राहिला. मग ती ओळ म्हणाला, पूर्ण, पण इतक्या हळू की ऐकू येईना. दिवसभर सगळी चॅनलं तेच दाखवत होती, मंत्रिमहोदयांना शपथही वाचता येईना. गावात पोट धरधरून हसले लोक. मी टीव्ही बंद केला. "मेल्या, पाठ होतं ना तुझं!" एकटीच ओरडले मी, आणि मग माझेच डोळे भरून आले. इतका राग आला मला त्याचा.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला, 'भावी कॅबिनेट मंत्री'. तो बघून मी घरात येते तर फोन वाजला. मागे ढोल, घोषणा, नुसता गोंगाट.

"बाई, किती मार्क?"

"पस्तीस."

"पास ना?"

"काठावर."

ढोल जरा लांब गेले. तो गर्दीतून बाजूला झाला असावा.

"बाई, एक इचारू? जो गेला, त्याच्यावर ठेवला तर चालतो ना? ममत्वभाव?"

मी आयुष्यात कोणाला एक मार्क फुकट दिलेला नाही. आणि या माणसाला तर मुळीच नाही.

"शपथ पुढची असते, जनू," मी म्हटलं. "मागचं चालतं."