मेदान ते मेराउके, सरळ रेघेत

"पावणेसहा तास! एक मिनिट जास्त नाही!" मारुआप तांबुनान फोनवर गरजले.

तीस वर्षं मेदानच्या शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. मुलीचं, लस्माचं लग्न देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मेराउकेला. ती तिथेच नर्स होती. नकाशावर दोरा ताणून मारुआपनी अंतर काढलं होतं. चार हजार आठशे किलोमीटर, भागिले विमानाचा वेग!

"बापा, बुधवारीच निघा ना," लस्मा काकुळतीला आली. "लग्न शुक्रवारी चारला आहे."

"शुक्रवारी सकाळी सहाला निघतो, दुपारी जेवायला तुझ्याकडे! तू मला भूगोल शिकवणार?"

तिकीटवाला सांगत होता, वाटेत विमानं बदलावी लागतील. "थांबे बसलाही असतात!" असं सुनावून मारुआपनी तिकिटं न वाचताच खिशात कोंबली.

शुक्रवारी साडेआठला जकार्ता आलं. काउंटरवरची मुलगी गोड हसली. "काका, तुमचं पुढचं विमान संध्याकाळी साडेसातला. मकासरला थांबेल, मग जयापुरा. तिथून दुसरं विमान मेराउकेला. पोचाल उद्या सकाळी."

"उद्या?" मारुआप असे किंचाळले की रांगेतली चार बाळं एकदम रडायला लागली. "नकाशावर सरळ रेघ आहे!"

"रेघेवर विमान चालत नाही, काका."

"तुझ्या साहेबाला बोलव!"

साहेब आला, त्याचा साहेब आला. मारुआपनी सगळ्यांना नापास केलं. लस्माचा फोन बंद. बायको तिओमिनार मात्र बाकावर केळीचं पान उघडून निवांत भात खात बसलेली.

"पोरीचं लग्न आहे आणि तू मासा चघळतेस?"

"खारवलेला आहे हो. टाकवत नाही."

चार वाजले तसा मारुआपचा आवाज बसला. मांडीवर उलोस होतं, घरच्या मागावर विणलेलं लग्नाचं वस्त्र. बापाने ते नवरानवरीच्या खांद्यावर घातल्याशिवाय त्यांच्या बाताक समाजात लग्न पुरं होत नाही. "काय तोंड दाखवू तिला?" ते पुटपुटले आणि मग पुन्हा सगळ्या विमान कंपन्यांच्या नावाने खडे फोडू लागले.

जयापुराला उतरले तेव्हा त्यांच्या मनगटावर पाच वाजले होते, भिंतीवर सात.

"माझे दोन तास कुणी खाल्ले?" त्यांनी पहारेकऱ्याची गचांडीच धरली.

"काका, इथे सूर्य आधी उगवतो," पहारेकरी शांतपणे म्हणाला. "शाळेत नाही का शिकवलं?"

मारुआपचे कान लाल झाले. त्यांनी घड्याळाचे काटे दोन तास पुढे सरकवले आणि मेराउकेचं विमान गाठलं.

विमानतळाच्या दारात लस्मा उभी. केसांना गजरा नाही, अंगावर घरचेच कपडे.

"मोडलं का लग्न? माझ्यामुळे?"

"नाही बापा. आज चारला आहे. आधीपासून शनिवारच ठरला होता."

तिओमिनारने पिशवीत लपवून ठेवलेली पत्रिका काढली. शनिवार, मोठ्या अक्षरात.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मारुआप कडाडले. "काल दिवसभर माझा जीव टांगणीला लागला होता!"

"शनिवार सांगितला असता तर तुम्ही आज सकाळी निघाला असतात," तिओमिनार म्हणाली. "दोऱ्याने मोजून."

उलोस छातीशी धरून मारुआप लेकीमागून चालू लागले. टॅक्सीपाशी मात्र हळूच बायकोकडे झुकले.

"परतीचं काय ते तूच बघ."